गंगा पुढं कुठं जाते

अहो, तुमच्या काचांच्या पेटीला मी अजून कुणाला हात लावू दिलेला नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊजींनी सामान इकडचं तिकडं केलं, लेकीनं जिंतूरला परत जायच्या आधी कानाकोपरा झाडून काढला. पण ती पेटी मी पहिल्याच दिवशी तुमच्या फोटो धुवायच्या काळ्या खोलीत नेऊन ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुणी विचारलं तर सांगते, आत औषधं आहेत, विषारी आहेत. लेक लहान असताना तुम्हीही तिला हेच सांगत होतात.

येणारी-जाणारी माणसं तुमच्याबद्दल लय चांगलं बोलतात. शांत माणूस, म्हणे. कधी आवाज चढला नाही, म्हणे. मी मान हलवते. मनात म्हणते, यांनी तुम्हाला माझ्याशी भांडताना कुठं ऐकलंय. तर ते आपलं भांडण अर्धंच राहिलं, आणि त्याचं आता काय करायचं हे परभणीत मला सांगणारं कुणी नाही. म्हणून तुमच्याशीच बोलत बसलेय. पेटीतल्या काचा कालपर्यंत धुतलेल्या नव्हत्या. धुवायच्या की तशाच ठेवायच्या, एवढंच मला ठरवायचं होतं.

हे सगळं मामंजी गेले तेव्हापासूनचं. तुम्ही आणि भाऊजी गावाकडून, पेडगावहून, अस्थी घेऊन गंगाखेडला, आपल्या दक्षिणगंगेवर, गेलात. आम्ही बायका घरी. आपल्याकडं बाईनं स्मशानात जायचं नाही, गंगेवरही जायचं नाही. पुरुषांनी जायचं आणि येऊन सांगायचं. तुम्ही आलात, पाय धुतलेत. आत्याबाई, तुमची माय, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी तुम्हाला विचारलं, सोडलं का? तुम्ही म्हणालात, सोडलं, माय. मग त्या म्हणाल्या, "पुढं?"

तुम्हाला कळलंच नाही. मलाही नाही. त्यांनी पुन्हा विचारलं,

"गंगा पुढं कुठं जाती रं? हे कुठवर गेले मंग?"

तुम्ही शाळेत शिकलेलं सांगितलंत, समुद्राला मिळते म्हणून. त्यांनी विचारलं, तू बघितलाय? तुमच्यासारख्या माणसाला हा प्रश्न विचारायचाच नव्हता. समुद्र म्हटला की तुम्हाला वेड लागायचं. स्टेशनच्या रस्त्यावरच्या आपल्या स्टुडिओत लग्नाची जोडपी यायची, वकील यायचे, बंदूक घेऊन पाटील यायचे, आणि तुम्ही त्यांचे फोटो जांभई दाबत काढायचात. पण रत्नागिरीकडच्या तुमच्या दोस्ताकडं गेलात की कॅमेऱ्याची घोडी वाळूत रोवून तुम्ही दिवस दिवस जेवत नव्हतात, असं त्यानंच मला सांगितलं होतं. माड, होड्या, ओल्या जाळ्या, कातळावर फुटलेलं पाणी. पेट्याच्या पेट्या भरून आणायचात. मी म्हणायची, माणसांचं काही काढता का नाही? तर तुम्ही म्हणायचात, माणूस कॅमेरा बघितला की ताठ होतो, पाणी होत नाही.

त्या काचांवर पेन्सिल मारायचं काम माझं. कुठं टिपका पडला, ओरखडा आला, की खिडकीशी बसून मी तो भरून काढायची. त्यामुळं समुद्र मला पाठ होता, पण उलटा. काचेवर आभाळ काळं, फेस काळा, कातळ पांढराफेक. तुम्ही हसायचात, म्हणायचात, एकदा सुलटा दाखवतो तुला. असं म्हणायचात खरं.

तर तो समुद्र तुम्ही बघितला होता, पण गंगा मिळते तो नाही. तो पार दुसऱ्या बाजूचा, उगवतीचा. आत्याबाईंना तुम्ही खरं ते सांगितलंत, की नाही बघितला. आणि त्या म्हणाल्या, "मंग बघून ये की. तुज्याकडं ती फोटोची पेटी हाय न्हवं?"

थंडी पडल्यावर निघालात. पूर्णा, नांदेड, सिकंदराबाद, बेजवाडा, मग राजमहेंद्री, आणि पुढं कालव्यातून नावेनं. परत आलात ते काळे ठिक्कर पडून, ओठ फुटलेले, आणि तोंडाला खीळ नाही. उंबरठ्यातच सांगायला लागलात की राजमहेंद्रीच्या खाली गंगा एक राहतच नाही, तिला फाटे फुटतात. मामंजी कोणत्या फाट्यानं गेले असतील याचा तुम्ही नावाड्याशी तोडक्यामोडक्या उर्दूत खल केलात, आणि त्यानं शेवटी वैतागून तुम्हाला जिकडं पाणी जास्त तिकडं नेलं. मी हसले होते. घरात सुतक फिटल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

पेटी काळ्या खोलीत ठेवलीत आणि अंथरुणावर आडवे झालात. आत्याबाई आदल्याच दिवशी पेडगावहून बैलगाडीनं येऊन थांबल्या होत्या. मी पाण्याला गेले. त्यांना तरी कसं कळणार होतं? कॅमेऱ्यातून निघालेली काच म्हणजे झालेला फोटो, त्यात औषधाचं, धुण्याचं काही बाकी असतं हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी अंघोळ केली, सोवळं नेसल्या, तुळशीची पानं खुडली. नजर अधू, म्हणून पेटी उचलून अंगणात उन्हात आणली. काळा कागद उलगडला आणि एकेक काच बाहेर काढून पाटावर मांडली. मी घागर घेऊन दारात आले तेव्हा त्या प्रत्येक काचेवर तुळशीचं पान ठेवून हात जोडत होत्या.

माझी घागर काखेतच राहिली. काचा सगळ्या दुधट. धुवायच्या आधीच ऊन लागलेलं, म्हणजे गेलेल्या.

मला बघून त्या म्हणाल्या, "लय धुकं हाय गं तिथं. कायबी दिसंना."

मागं तुम्ही उभे होतात, खांद्यावर पंचा. मला वाटलं, आता घरावर आभाळ कोसळणार. एवढ्या लांबचा प्रवास, एवढी वणवण, सगळी त्या उन्हात गेली होती. तुम्ही पुढं झालात, त्यांच्यापाशी उकिडवे बसलात आणि म्हणालात, "माय, सकाळचं धुकंच असतंय तिथं. मी कागदावर काढून देतो, मग दिसंल."

तुमच्यावर मी आयुष्यात पुष्कळ वेळा रागावले, पण त्या एका वाक्यासाठी मी तुमची सात जन्म बायको व्हायला तयार आहे. हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चूल फुंकत बसले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रत्नागिरीची एक जुनी काच काढलीत. माड, काळा कातळ, त्यावर उसळलेली लाट. तिचा फोटो करून आईच्या हातात दिलात. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग पदर तोंडाला लावून रडल्या. नवरा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. पुढं त्यांनीच मला सांगितलं की खाली ह्यांचं नाव लिही. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी बारीक ब्रशनं मामंजींचं नाव लिहिलं. फोटो पेडगावच्या देवघरात गेला. रोज गंध, रोज फूल.

आणि मग पेडगावच्या बायका यायला लागल्या. पहिली आली ती गढीवरची पाटलीण, मागच्याच पावसाळ्यात नवरा गेलेली. म्हणाली, आमच्या धन्याला बी गंगेतच सोडलंय, आमाला बी ती जागा दावा. मग सुताराची आई आली. मग जोश्यांची सून. ज्यांना गंगाखेडला नेऊन सोडलं त्या सगळ्यांच्या बायका, आया, लेकी. सगळ्यांना तोच फोटो, खाली वेगवेगळं नाव. तुम्ही फोटो करायचात, मी नाव लिहायची, आणि आपण दोघं घुम्यासारखे एकमेकांकडं न बघता काम करायचो.

एक दिवस तुम्ही ब्रश माझ्या हातातून काढून घेतलात. म्हणालात, बस झालं. रत्नागिरीचा कातळ आहे हा, गंगेचा याच्याशी काडीचा संबंध नाही. खोट्या फोटोखाली खऱ्या माणसाचं नाव लिहायला आपल्याला लाज वाटली पाहिजे. मी म्हटलं, पाणी ते पाणी, समुद्र काय दोन असतात? तुम्ही म्हणालात, मला असतात. मी पुन्हा जाणार, खरी जागा आणणार, आणि पेडगावातले सगळे फोटो बदलून देणार.

त्यानंतर तुमचं तेच एक ठरलं. पण जगाची ती मोठी लढाई सुरू झाली. किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन दिसलेल्या माणसाला पोलीस धरतात, म्हणून ऐकू आलं. काचा बाजारातून गायब झाल्या. होती ती एक पेटी तुम्ही जपून ठेवलीत. तहसीलदारांच्या घरचं बारसं होतं तेव्हासुद्धा फोडली नाहीत, आणि ते नाराज झाले ते झालेच. त्या वर्षांत आत्याबाई गेल्या. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, पण तो फोटो त्या हातांनी चाचपायच्या. त्यांना गंगेत सोडून तुम्ही आलात आणि स्टुडिओत त्या फोटोच्या काचेसमोर बसून राहिलात. म्हणालात, माय खोट्या समुद्राला हात जोडत गेली. मी म्हटलं, हात तर खरे होते ना.

लढाई संपली. दिवाळी झाली. तुम्ही कॅमेऱ्याची घोडी पुसायला काढलीत तेव्हाच मला कळलं. मी तुम्हाला जाऊ नका म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं, मला घेऊन चला. तुम्ही म्हणालात, नावेचा प्रवास आहे, डास आहेत, खायची आबाळ. ह्या वेळी मी नीट बघून येतो, पुढच्या वेळी तुला. मी रुसून डब्यात दशम्या बांधल्या. चटणी मुद्दाम कमी दिली. माणूस काय काय करतो बघा रागाच्या भरात.

आलात ते ताप घेऊन. अंगावर वाकळांवर वाकळा टाकल्या तरी हुडहुडी थांबेना. तापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी कान बधिर झाले तुमचे, मी ओरडून बोलायची आणि शेजाऱ्यांना वाटायचं आपलं भांडण चाललंय. थोडं भांडणही चालायचं. मी म्हटलं, काचा मी धुते, औषध कसं करायचं मला माहीत आहे, इतकी वर्षं कंदील धरून शेजारी उभी राहिलेय. तुम्ही म्हणालात, नको, मला उठू दे, माझ्या हातानं धुवायच्यात. मग म्हणालात, फोटो झाले की पेडगावचे सगळे बदलायचे, आणि ह्या फोटोखाली कुणाचंही नाव लिहायचं नाही. ती जागा आहे, माणूस नाही.

मला राग आला. आजारी माणसावर रागावू नये, पण आला. मी म्हटलं, "तुम्ही पुरुष जाऊन बघून येता म्हणून तुम्हाला जागा दिसते. आम्हाला कुणी नेलंय तिथं? आम्हाला माणूसच दिसणार."

तुम्ही डोळे मिटलेत. हसलात थोडंसं. "उठलो की भांडू," म्हणालात.

त्यानंतर जे बोललात ते तापातलं. नावाड्याशी बोलत होतात. उर्दूत.

भाऊजी गंगाखेडला जाऊन आले. दारात पाय धुतले, माझ्याकडं न बघता म्हणाले, सोडलं, वहिनी. आणि अहो, माझ्या तोंडून निघालं, "पुढं?" भाऊजी चमकून बघायला लागले. मी आत निघून गेले. आत्याबाईंचा तो एक शब्द इतकी वर्षं माझ्यात कुठं बसून राहिला होता कोण जाणे.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कुलूप काढलं, पेटी उचलली आणि बाहेर आणली. अंगणात. बघा, मी. ऊन लागलं की काच मरते हे ज्या बाईला झोपेतसुद्धा कळतं, ती मी. झाकणावर हात ठेवून उभी राहिले. फोटोबिटो काही नको होता मला. तुम्ही शेवटचं जे धडपणी डोळे भरून बघितलंत ते ह्या पेटीत आहे, एवढंच मनात होतं, आणि झाकण उघडून त्यावर हात ठेवावा असं वाटत होतं. आत्याबाईंना त्या दिवशी काय झालं होतं ते मला काल समजलं. मग पेटी परत आत नेली आणि दाराला आतून कडी घातली. तुम्ही आता उठणार नाही. मग मी कुणासाठी थांबायचं?

लाल कंदील लावला. तुम्ही करायचात तसं औषध केलं. पहिली काच थाळीत बुडवली आणि थाळी हलवत राहिले, पण औषध कडक झालं होतं, आणि काच बघता बघता सगळी काळी झाली. तुमच्या नावानं शिव्या घातल्या मी त्या अंधारात. दुसरीवर काही उमटलंच नाही. काचा जुन्या झाल्या होत्या, तुम्ही जपून जपून म्हाताऱ्या केल्या होत्या त्या. तिसरी आली. हळूहळू आली, पण आली.

धुतलेल्या काचेला उन्हाची भीती नसते, म्हणून सकाळी ती वाळल्यावर चौकटीत फोटोच्या कागदावर ठेवून उन्हात धरली. सुलटा समुद्र. आणि खरं सांगू? काही नाही त्यात. माड नाही, होडी नाही, कातळ नाही. सपाट वाळू, सपाट पाणी, वर नुसतं आभाळ. पेडगावातली एक बाई याला हात जोडणार नाही. मला इतका संताप आला. एवढ्यासाठी गेलात? ह्या एवढ्याशासाठी मला असं बसवलंत? कोपऱ्यात टाकून दिला तो कागद.

थोड्या वेळानं उचलला. सवय जात नाही, म्हणून भिंग घेऊन खिडकीशी बसले. गंगा कुठं संपते आणि समुद्र कुठं सुरू होतो ती रेघ शोधायला लागले. काचेवरची केसाएवढी रेघ मला सापडते, तुम्हाला माहीत आहे. ती सापडली नाही. पाणी आहे, मग पाणीच आहे.

रेघ शोधता शोधता खाली आले, आणि डाव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, वाळूत काहीतरी दिसलं. भिंग जवळ नेलं.

तुमच्या चपला.

एकीचा अंगठा निघायला आला होता आणि स्टेशनजवळच्या चांभारानं तो जाड दोऱ्यानं शिवला होता, ती चप्पल मी कुठंही ओळखीन. नीट शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. देवळाबाहेर ठेवतात तशा. तुम्ही, ज्यांना फोटोत एक वाळकी काटकी चालायची नाही. ती जागा आहे, माणूस नाही, असं माझ्याशी भांडणारे तुम्ही. तुम्हाला कुणी सांगितलं होतं तिथं चपला काढायला? तिथं कोण होतं तुमचं? मामंजी होते. माय होती.

किती वेळ रडले मला माहीत नाही. अशी नको असलेली वस्तू कडेला आली की काचेवरून खरडून टाकायची, हे माझं काम. पातं हातात घेतलंसुद्धा, सवयीनं. खाली ठेवलं.

पेडगावचे फोटो मी बदलणार नाही, हे ऐकून ठेवा. ज्यांनी त्यांच्यापुढं इतकी वर्षं फूल वाहिलं त्यांच्या देवघरातून मी काही उचलून आणणार नाही. नवीन कुणी मागायला आलं तर हा देईन, चपलांसकट. आवडला तर घेतील.

आणि एक केलंय. फोटोखाली मी नेहमीसारखी बोटभर जागा कोरी सोडली होती. तुमचं म्हणणं होतं कुणाचंही नाव लिहायचं नाही. तुमचं नाव तर मी घ्यायचंही नाही; लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं म्हणून उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधी नाही. स्टुडिओच्या पाटीवर रंग द्यायची वेळ आली तेव्हासुद्धा ती अक्षरं तुम्हीच रंगवलीत, मी फक्त कडेची वेलबुट्टी काढली. आज बारीक ब्रश घेतला, शाई कालवली आणि लिहिलं. दत्तात्रय. अक्षर थोडं वाकडं आलंय.

तुमच्या काळ्या कोटाच्या खुंटीशेजारी फोटो लावलाय. उठलो की भांडू म्हणाला होतात. मी तुमचं ऐकलेलं नाही. या भांडायला.